अक्कांच्या दारातल्या फळ्या

पहिल्या भेटीत अक्कांनी मला घरात घेतलं नाही, बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. फाटकाशीच थांबवलं आणि माझ्या हातातल्या, लाकडाला लावायच्या स्टेनच्या डब्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ते उघड." डबा सीलबंद होता. मी उघडला. त्यांनी वाकून वास घेतला, बोट बुडवून दगडाला पुसलं, पुन्हा वास घेतला आणि विचारलं, "ह्यात रॉकेल किती घातलंस?" मी म्हणालो, "अक्का, कंपनीचं सील तुमच्यासमोर तोडलं की." त्यांचं उत्तर तयार होतं. "सील बी माणसंच लावत्यात."

लाकडाला रंग-पॉलिश करणं हा माझा धंदा. जळकोटला हायवेलगत छोटं दुकान आहे, हाताखाली दोन गडी आहेत. गिऱ्हाइकाचा संशय आम्हाला नवा नाही. स्टेनमध्ये थिनर जास्त ओततो, दोन कोट सांगून एकच मारतो, उरलेला माल घरी नेतो, हे सगळं आम्ही पहिल्या दिवसापासून ऐकत आलोय. पण तो संशय तात्पुरता असतो, बिल चुकतं झालं की मिटतो. अक्कांचा संशय कायमचा होता आणि त्यातून कुणाची सुटका नव्हती. दूधवाला, वायरमन, मठातले स्वामी, टीव्हीवर हवामान सांगणारी बाई, सगळे एका रांगेत. "माझा इतबार फक्त महादेवावर हाय," असं म्हणून त्या गळ्यातल्या लिंगाला हात लावायच्या, आणि लगेच पुढं जोडायच्या, "त्यो बी कधी कधी ऐकून सोडून देतो."

घर माकणीच्या बाहेर, धरणाच्या पाण्याजवळ. अक्कांचा एकुलता मुलगा पुण्यात मोठ्या नोकरीवर. मी त्याला मनातल्या मनात चिरंजीव म्हणायचो, इथंही तेच म्हणतो. चिरंजीवांनी कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलपुढं लाकडी डेक पाहिला आणि गावाकडच्या नव्या घरापुढं तसाच करून घेतला. आमच्या भागात दारापुढं शहाबादी फरशी असते, फार तर कोबा. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की लाकूड, हे बघायला अर्धं गाव येऊन गेलं म्हणे. अक्का त्याला डेक म्हणत नसत. "फळ्या" म्हणत, आणि तेही जिभेला काहीतरी कडू लागल्यासारखं.

फळ्या दिसायला देखण्या होत्या, पण जागा त्यांना मानवणारी नव्हती. धरणाकाठची थंडी वेगळीच असते. दिवाळीनंतर पाण्यावरून धुकं उठतं, रात्रभर दव पडतं आणि ऊन वर येईपर्यंत लाकूड ओलं राहतं. पावसाळ्यात तर त्यावर शेवाळ चढतं. त्या वर्षी श्रावणात अक्का दारातच घसरल्या. हाड मोडलं नाही, पण महिनाभर कूस बदलता येत नव्हती. चिरंजीव धावत आले आणि म्हणाले, आता पुरे, पुण्याला चला. अक्का हटल्या नाहीत. शेवटी असं ठरलं की कसबी माणसाकडून फळ्या साफ करून स्टेन करून घ्यायच्या. येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येपर्यंत, त्या कोरड्या आणि न घसरणाऱ्या राहिल्या तर अक्का इथं, नाहीतर येळवस करून गाडीत. तो कसबी माणूस म्हणजे मी.

दसरा झाल्यावर कामाला लागलो. गडी आले की अक्का एक परात पुढं करायच्या आणि सगळ्यांचे मोबाईल त्यात ठेवून घ्यायच्या. "फोटू पुण्याला जात्यात," एवढंच कारण सांगायच्या. मग खुर्ची टाकून आमच्यासमोर बसायच्या. एका गड्याला विचारायच्या, "किती येळ घासायचं?" दुसरा विहिरीवर गेला की त्यालाही तेच. उत्तरं जुळली तर निराश व्हायच्या. चहा मात्र फक्कड करायच्या, आलं ठेचून, आणि पहिला घोट आमच्यादेखत स्वतः घ्यायच्या. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, "उद्या तुझ्या पोटात दुखलं तर तू कुणाचं नाव घेशील?"

मी त्यांना समजावून सांगितलं होतं की ऊन तापल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही आणि दुपार कलली की थांबायचं, कारण ओल्या लाकडावर कोट धरत नाही. त्यांना वाटायचं मी कामचुकारपणा करतोय. "दिसभर बसून राहतोस आन् चार वाजता जातोस. तुला माझ्या पोरानं सांगितलंय ना, काम बिघडव म्हणून?" मी हसलो. त्यांना पोटच्या पोराचाही संशय यावा याची मला गंमत वाटली. त्यांना नाही वाटली.

कोट झाला, फळ्या तुपासारख्या दिसायला लागल्या. दिवाळीच्या आधी अक्कांचा फोन आला, "बघून जा तुझी कारागिरी." जाऊन पाहतो तर सगळीकडं काम शाबूत आणि नेमकं उंबऱ्यापुढं, हातभर जागेत, कोट सुटलेला. लाकूड काळवंडलेलं, पाय ठेवला की बुळबुळीत. फटींमध्ये पांढरं काहीतरी साचलेलं. मी बोटानं उकरून पाहिलं आणि जाणकाराच्या तोऱ्यात म्हणालो, "बुरशी आहे." विचारलं, "अक्का, इथं पाणी पडतं का?" त्या माझ्याकडं एकटक बघत म्हणाल्या, "पाणी? एक थेंब न्हाय."

मग बुरशीचं औषध आणलं, घासलं, वाळवलं, पुन्हा कोट दिला. त्या दिवसांत आमच्यात कुणाचाच कुणावर भरवसा उरला नव्हता. अक्कांना माझा संशय. मला गड्यांचा, त्यांनी दारापुढं घाईत हात मारला असणार. गड्यांना धाराशिवच्या व्यापाऱ्याचा, त्यानं जुना माल गळ्यात घातला असणार. मी व्यापाऱ्याशी फोनवर भांडलोसुद्धा. तो बिचारा म्हणाला, साहेब, त्याच डब्यातलं बाकीचं टिकलंय, तेवढीच जागा कशी जाईल? मी फोन ठेवून दिला.

दिवाळी झाल्यावर पुन्हा तेच. तीच जागा, तेच पांढरं. यावेळी माझा एक गडी गुडघ्यावर बसून फट खरवडत होता. तो म्हणाला, "मालक, बुरशी गुलाबी असती का?" वाकून पाहिलं. पांढऱ्यात गुलाबी होतं, थोडं पुढं हिरवं. चिमटीत धरून चोळलं तर खरखरीत लागलं. रांगोळी होती. मी रांगोळीला बुरशीचं औषध पाजत होतो!

अक्का रोज सकाळी, धुक्यात, फळ्यांवर सडा टाकून रांगोळी काढत होत्या. आम्ही येणार असल्याचा फोन आला की फडक्यानं पुसून घेत होत्या. मी कपाळाला हात लावला आणि जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "अक्का, तुम्हीच रोज ओतायचं, अन् चोर आम्ही?" त्यांनी आधी गड्यांकडं बघितलं, मग फाटकाकडं. हळूच विचारलं, "पुण्याला कळलंय का?"

"नाही."

"मग आवाज कमी कर."

माझ्याशी त्या पहिल्यांदाच खाली बसून बोलल्या. "त्यानं जाताना बजावलंय, अव्वा, लाकडावर पाणी टाकायचं न्हाय. त्याला काय जातंय सांगायला? अरं, दारात सडा न्हाय, रांगोळी न्हाय म्हणल्यावर येणाराजाणारा काय समजंल? घरात मयत झालंय समजंल. इथं मी एकटी ऱ्हाते. सकाळी दार सजलेलं दिसलं की शेजारची म्हणते, अक्का उठल्या. तेवढीच माझी हजेरी हाय बघ."

आतापर्यंत मी या बाईची घरी जाऊन नक्कल करून दाखवत होतो, बायकोला हसवत होतो. त्या दिवशी नक्कल करावीशी वाटली नाही.

तोडगा सोपा होता, पण तो अक्कांच्या गळी उतरवायला दोन दिवस गेले. उंबऱ्यापुढच्या फळ्या तेवढ्या कापून काढायच्या, खालून विटांचा टेकू द्यायचा आणि फळ्यांच्या पातळीला एक मोठी शहाबादी फरशी बसवायची, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. सडा फरशीवर, पाणी बाजूच्या पन्हळीतून खाली, लाकूड कोरडं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कापलेलं सागवान तू नेणार?" मी म्हणालो, तुमच्या चुलीत घाला. "चुलीत? चांगलं लाकूड?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की लाकडाची लबाडी माझ्या मनात नव्हती तीही येऊन गेली.

फरशी बसली. उरलेल्या फळ्या स्वच्छ घासल्या, चांगलं आठवडाभर ऊन खाऊ दिलं आणि मग कोट दिला. महिना झाला तरी तो जागचा हलला नाही. अक्का सकाळी फरशीवर सडा टाकत, ऐसपैस रांगोळी काढत आणि अनवाणी फळ्यांवरून चालून बघत. मला फोन करून सांगत, "अजून तरी टिकलंय. तुझं काय सांगता येत न्हाय."

येळवशीला चार दिवस राहिले असताना चिरंजीवांचा फोन आला. गोड बोलले. चौकशी केली, कामाचं कौतुक केलं आणि मग म्हणाले, "तुम्ही येळवशीला या जेवायला. आणि अव्वासमोर एवढंच सांगा, की खालचं लाकूड कुजलंय, आता हे टिकणार नाही. तुमचं ती ऐकेल." ते पुढं म्हणाले, "मला रात्री झोप लागत नाही हो. फोन उचलायला तिनं जरा उशीर केला की मला ती दारात पडलेली दिसते." आवाज खरा होता. म्हणजे अक्का पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या ते अगदीच वेडेपण नव्हतं. पोरगा काम बिघडवायला सांगेल, असं त्या म्हणाल्या होत्या आणि मी दात काढले होते. मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. चार दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं. उद्या ही बाई खरंच पडली तर? पण लाकूड तर चांगलं होतं, माझ्या हातचं होतं.

येळवशीला रानात कडब्याच्या कोपीपुढं जेवणं झाली. हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. अक्कांनी वाढताना मला आंबील तीनदा घातली आणि दर वेळी पिऊन होईपर्यंत बघत उभ्या राहिल्या. दुपारी घरी आलो. दारात गाडी उभी होती, डिकी उघडी. चिरंजीव फळ्यांवर उभे राहून म्हणाले, "अव्वा, हे माहितगार आहेत. त्यांनाच विचार."

अक्कांनी विचारलं नाही. उंबऱ्याशी उभ्या राहून त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि हळू आवाजात कानडीत म्हणाल्या, "सुळ्ळ हेळब्याड." खोटं बोलू नको. आमच्या सीमेकडच्या माणसाला एवढं कानडी कळतं.

मी म्हणालो, "लाकूड ठणठणीत आहे. फरशीमुळं पाण्याची भीती गेली. दरवर्षी दिवाळीनंतर एक कोट द्यायचा, तो मी स्वतः येऊन देईन. घसरायचं कारण नाही."

चिरंजीव ताडकन म्हणाले, "मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. मला वाटलं आता अक्का तोंड सोडतील, इतक्या वर्षांच्या संशयाला पहिल्यांदा पुरावा सापडला होता. पण त्यांनी फक्त पदरानं तोंड पुसलं आणि लेकाला म्हणाल्या, "पुण्याला पोचायला रात होईल. आंबिलीचं मडकं नीट ठेव, सांडंल." चिरंजीव खाली बघून बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसले. मग आईच्या पाया पडले. त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रोज सकाळी मीच करीन फोन. तू नको करू. तुझा आला की मला भ्या वाटतंय."

गाडी धरणाच्या रस्त्याला लागली. मीही निघायच्या बेतात होतो, तर अक्कांनी हाताला धरून मला थांबवलं. गाडी दिसेनाशी झाल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "आता खरं सांग. लाकूड खरंच चांगलं हाय, का माझ्यासाठी लबाड बोललास?"

"खरंच चांगलं आहे, अक्का."

त्यांना पटलं नाही. मान तिरकी करून त्या माझ्याकडं बघत राहिल्या, पहिल्या दिवशी डब्याकडं बघितलं होतं तशाच.

त्यानंतर चार हिवाळे अक्का त्या घरात राहिल्या. शेवटचा श्वासही तिथंच घेतला, झोपेत, न घसरता. दरवर्षी मी दिवाळीनंतर जाऊन कोट द्यायचो, आणि दरवर्षी त्या डबा हुंगायच्या. कितीएक गिऱ्हाइकं मला भला माणूस म्हणाली असतील, मला एकही आठवत नाही. अक्का कधी म्हणाल्या नाहीत. पण त्या येळवशीच्या संध्याकाळी, माझा हात धरूनच, त्या एवढं बोलल्या होत्या:

"बरं, जा. लबाड बोलला असतास तरी म्या तुला माफ केलं असतं."