गणपतमिस्त्रींचं सूत

इतर मिस्त्र्यांच्या कानावर बिडी असायची, गणपतमिस्त्रींच्या कानावर पांढऱ्या सुताचा वीतभर तुकडा. त्यांचे वडील-आजोबा नागपूरच्या महाल भागात हातमागावर लुगडी विणत. मागाचं काम बसलं तसे हे मोटारींकडे वळले, पण नजर विणकराचीच राहिली. इंजिन चालू करून, त्यात हवा घेणाऱ्या कार्बोरेटरवरची जाळी काढायची आणि त्याच्या तोंडाशी ते सूत धरायचं. सूत आत किती ओढलं जातं, थरथरतं की ताठ राहतं, यावरून गाडीचा श्वास कसा चालला आहे ते सांगत. संध्याकाळी सूत परत विणकराच्या कांडीवर गुंडाळून ठेवत. सुताचा तुकडाही पायदळी पडू द्यायचा नाही, ही घरची शिस्त होती.

मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची दोन माणसांची जुनी गाडी मी घेतली होती. दर हिवाळ्यात शहराबाहेरच्या टेकडीवर हौशी मंडळी मोटारींची चढाईची शर्यत लावत. रस्ता वळणांचा, आणि तिसऱ्या वळणाला एका अंगाला दगडाची खोल खाण. त्या शर्यतीत उतरायचं या ध्यासानं मला अक्षरशः पछाडलं होतं. वडील नामांकित वकील; त्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त अट घातली. गणपतमिस्त्रींनी गाडी ठीक आहे असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तरच जायचं.

मग मी मिस्त्रींच्या मागे लागलो. सीताबर्डीच्या एका कबाड्याकडून लष्करी ट्रकचा मनगटाएवढा जाड धुराचा पाइप उचलून आणला. एकाच्या जागी दोन कार्बोरेटर हवेत, जाळ्या काढून टाकायच्या, आणि धूर या पाइपातून बाहेर काढायचा, असं मी वहीत आकृत्या काढून त्यांना समजावलं. त्यांनी वही उलटी धरून शांतपणे पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला आणि चुलीतली राख फुंकायला लावली. राख भुर्रकन उडाली. मग तोच माझा ट्रकचा पाइप तोंडाला लावायला लावला. गाल फुगवून फुगवून माझा जीव गेला, राख जागची हलली नाही. "धुराले बी जोर लागते, भाऊ," ते म्हणाले. "लहान इंजिनाले एवढी मोठी नळी देसान, तर चढावर गाडी रडन." दोन कार्बोरेटर त्यांना मान्य होते, पण जाळ्या राहणार, कारण नागपूरची धूळ इंजिनाच्या पोटात घालायला ते तयार नव्हते. पाइप आधीच्यापेक्षा बोटभर मोठा, बस. मी आठवडाभर तोंड फुगवून बसलो. शेवटी त्यांचंच ऐकलं, कारण गाडी ठीक असल्याचा शब्द त्यांनीच द्यायचा होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी आळीपाळीनं सूत धरलं आणि दोन्हींची ओढ सारखी होईतो स्क्रू फिरवत बसले. संध्याकाळी वडील आले. मिस्त्रींनी हात पुसले आणि गाडी ठीक आहे म्हणून सांगितलं. मला आकाश ठेंगणं झालं.

सकाळी टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती. माझ्यापुढे दोनच गाड्या उरल्या, तेवढ्यात मिस्त्री सायकल दामटत आले. घामानं निथळत होते. सायकल तशीच आडवी टाकून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि गाडी बंद करायला सांगितलं. आदल्या संध्याकाळी बोलण्याच्या नादात सूत गुंडाळायचं राहिलं होतं, आणि सकाळी त्यांनी कांडी पाहिली तर काल वापरलेला तुकडा तिच्यावर नव्हता. सदऱ्यात नाही, अंगणात नाही, गाडी दुरुस्त केली त्या झाडाखाली नाही. आजूबाजूचे लोक हसू लागले. वीतभर सुतासाठी शर्यत सोडायची! आत ओढलं गेलं असलं तरी ते केव्हाच इंजिनात जळून गेलं असेल, असं मी चिडून म्हणालो.

"जळलं असन बी," मिस्त्री म्हणाले. "पण मले ठाऊक नाही. अन् ठाऊक नसून कालचा शब्द मी कसा राहू देऊ?"

हे त्यांनी माझ्याकडे नाही, शर्यत पाहायला आलेल्या वडिलांकडे पाहून सांगितलं. वडिलांनी मला उतरायला सांगितलं. माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. त्या क्षणी मला मिस्त्रींचा मनापासून राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांनी तिथेच कार्बोरेटर उघडले. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात, हवेच्या वाटेवर जी उघडझाप करणारी पाकळी असते, तिच्या दांड्याला खळ लावून ताठ केलेलं ते सूत घट्ट वेढा घालून बसलं होतं. मिस्त्रींनी मला पेडल पूर्ण दाबून सोडायला सांगितलं. मी पाय काढला, पाकळी उघडीच राहिली. टेकडीपर्यंत येताना मी पेडल एवढं दाबलंच नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं. म्हणजे चढावर पूर्ण वेग दिला असता, तर पाय उचलूनही तो कमी झाला नसता. आणि पुढे ते तिसरं वळण. मी दगडावर बसलो आणि कुणाला दिसू नये म्हणून रुमालात तोंड घालून रडलो. जिवंत असल्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मिस्त्री मात्र मान खाली घालून उभे होते. चूक माझी आहे, यापुढे माझ्या शब्दावर जाऊ नका, असं ते वडिलांना म्हणाले. वडिलांचं आयुष्य साक्षीदारांचे चेहरे वाचण्यात गेलेलं. त्यांनी मिस्त्रींची सायकल उचलून उभी केली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीही तुमचाच शब्द लागेल."

पुढच्या वर्षी तो मिळाला. आता तपासताना मिस्त्री सुताचं एक टोक बोटाला बांधून घेत. मी चढलो, वळणं घेतली, आणि नऊ गाड्यांत सहावा आलो. खाली परतलो तेव्हा सगळे निकालाच्या फळ्यापाशी गर्दी करून होते. मिस्त्री एकटेच रस्त्याच्या तोंडाशी उभे होते, टेकडीकडे पाठ करून. माझी गाडी शेजारी येऊन थांबली तेव्हाच वळले. सहावा आल्याचं सांगायची मला लाज वाटत होती, पण कितवा आलो हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी दार उघडलं आणि माझा दंड धरून मला खाली उतरवलं.

"वापस आले नं तुमी," ते म्हणाले. "मंग झालं."