निव्वळ योगायोग
बायको गेल्यावर चष्मेवाल्यांनी ब्लॉग सुरू केला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काचा घासायच्या यंत्राशेजारी फोन टेकवायचा आणि दोन बोटांनी लिहायचं. ती भांडायची कशी, हसताना पुढचे दात लपवायची कशी, आणि आजारपणात एकेकाला विसरत कशी गेली. नवऱ्याला ती ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायला लागली, तेव्हा हे मुकाट्याने तिची नाडी धरायचे आणि ‘सुधारणा आहे’ म्हणायचे. वाचणारे वाढत गेले. एक बाई तर नेमाने प्रतिक्रिया लिहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं दुखणंही हेच.

मग एकदा चष्मेवाल्यांनी लिहिलं, की शेवटी शेवटी तिला फक्त भाऊ आठवायचा. दार वाजलं की म्हणायची, ‘दादा आला.’ दादा काही आला नाही.

मेहुण्यांचा पारा चढला. ‘माझी अब्रू चव्हाट्यावर मांडता? नोटीस पाठवतो!’ लेकीची कात्रीत सापडल्यासारखी गत झाली. मामाकडे राहूनच तर ती शिकली होती.

‘बाबा, अटींच्या पानावर एवढं टाका, म्हणजे मिटेल,’ ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मजकूर तिनेच सांगितला: ‘या ब्लॉगवरील सर्व व्यक्ती व प्रसंग काल्पनिक आहेत. कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.’

‘मृत’पाशी त्यांचं बोट अडलं. ‘अगं, आई आहे ती तुझी.’

‘कायद्यापुरतंच हो, बाबा.’

लेकीच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते टाकलं.

दुसऱ्याच दिवशी त्या बाईंनी लिहिलं, ‘तुम्ही नाडी धरायचात ते वाचून मीही धीर धरला होता. म्हणजे असं कोणी नव्हतंच का?’

त्या दिवशी चष्मेवाल्यांचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या डाव्या-उजव्या काचांची चक्क अदलाबदल झाली. होती म्हणावं, तर लेक तोंडघशी पडणार. नव्हती लिहायला हात धजेना. शेवटी बाईंना त्यांनी खासगीत कळवलं, ‘होती. माझी बायको होती.’ आणि सगळा ब्लॉग पुसून टाकला. लिहिलेलं गेलं तर जाऊ दे, तिला खोटी ठरवून ठेवायची नाही.

संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला. ‘मिटलं म्हणायचं,’ ते म्हणाले. मग हळूच, ‘खरंच वाट बघायची का हो ती माझी?’

‘नाही’ असं खोटं सांगणं सोपं होतं.

‘रोज,’ चष्मेवाले म्हणाले.

‘तिला तसं बघायची छाती झाली नाही हो माझी,’ मेहुणे म्हणाले, आणि त्यांना हुंदका आवरेना. चष्मेवाल्यांनी फोन ठेवला नाही.