आहेराची तबकडी

मुलांनो, तुमच्या धाकट्या आजोबांची गिटारची तबकडी परदेशातल्या कुणीतरी इंटरनेटवर चढवली आणि खाली लिहिलं की, हे जॅझ भारतात कुणाच्या कानावरही पडलं नसेल. ते तुम्ही मला अभिमानाने पाठवलंत, म्हणून आत्ताच लिहायला बसले. ती तबकडी अर्ध्या हिंगणघाट तालुक्याने ऐकली आहे. ऐकायची इच्छा कुणाची नव्हती, एवढंच.

हे आजोबा म्हणजे माझे दीर. ते मुंबईच्या हॉटेलात गिटार वाजवायला निघून गेले, तेव्हा माझे सासरे, मामाजी, कापसाच्या जिनिंग कारखान्यात हेडक्लार्क होते आणि मुलासाठी तिथेच शब्द टाकून बसले होते. नोकरी लागल्याशिवाय या घरात पाय ठेवू नको, असं त्यांनी बजावलं. वडिलांची ही एकच आज्ञा दीरांनी पाळली. सासूबाई दर दिवाळीला त्यांच्या वाटचे अनारसे डब्यात काढून ठेवत आणि मऊ पडले की आम्हाला वाढत.

काही वर्षांनी दीरांनी स्टुडिओत ही तबकडी केली आणि एक प्रत मला पाठवली. कव्हरवर डोळे मिटलेला फोटो होता. हा झोपला काय, असं सासूबाईंनी विचारलं. मागे इंग्रजी मजकूर होता आणि घरात एम.ए. मीच होते. ‘शहरी एकाकीपणाचा शोध’ हे त्यांना कसं सांगावं ते सुचेना, तेव्हा प्रकृती बरी आहे असं सांगितलं. पण ऐकायची कशावर? मामाजींच्या घरात रेकॉर्ड प्लेअर येणं शक्य नव्हतं.

मग वडनेरला मामाजींच्या पुतणीचं लग्न निघालं. आमचा आहेर शिलाई मशीनचा होता. त्याच्या खोक्यात सासूबाईंनी तबकडी सरकवली आणि तिथे गेल्यावर मी ती मांडवात भोंग्यावर तबकड्या लावणाऱ्या भोंगेवाल्याच्या हाती दिली.

पंगत बसल्यावर त्याने ती लावली. लोक बराच वेळ गाणं सुरू व्हायची वाट पाहत जेवले. गाणाऱ्याची एसटी चुकली असेल, असं एका पाहुण्याने ठरवून टाकलं. भोंगेवाला मात्र खूश होता. आमच्याकडे आहेर भोंग्यावरून पुकारतात. जो पुकारला नाही, तो दिला नाही असंच धरतात. त्यासाठी त्याला दर वेळी गाणं थांबवावं लागे. इथे गाणारंच कुणी नव्हतं. त्यामुळे नवरीच्या मामाकडून पाण्याचा पितळी गुंड आणि मावशीकडून स्टीलचे डबे शहरी एकाकीपणावरूनच जाहीर झाले.

हे काय लावलं आहे, असं मामाजींनी विचारलं. कढी वाढता वाढता मी सांगितलं, भाऊजींची तबकडी. तेवढ्यात भोंग्यावरून “हिंगणघाटच्या काकाजींकडून” असं सुरू झालं आणि मामाजी भरल्या पानावरून उठले. उष्ट्या हाताने ते भोंग्याजवळ जाऊन उभे राहिले.

“थांब बाप्पा. वाजू दे.”

“काकाजी, तुमचाच आहेर पुकारून राह्यलो.”

“मालूम आहे. पोरगं वाजवून राह्यलं ना? चूप बस.”

बाजू संपेपर्यंत ते तिथेच उभे होते. मग पुढचा आहेर सुरू झाला. आमचा राहून गेला. त्या घरात त्या मशीनवर पुढे दोन पिढ्यांचे कपडे शिवले गेले, तरी हिंगणघाटवाल्यांनी काही दिलं नाही, हे ते आजही सांगतात.

परतीच्या एसटीत मामाजींनी हेडक्लार्कला शोभेल असा निकाल दिला. “स्टुडिओवाले त्याले बोलावतात, वेळ ठरवून देतात, म्हणजे नोकरीच झाली ते. दिवाळीले येजो म्हणून लिहा त्याले.” गाणं कसं वाटलं, हे विचारायची सासूबाईंनाही गरज वाटली नाही. त्या दिवाळीला दीर घरी आले आणि मऊ न पडलेले अनारसे त्यांनी खाल्ले.

भोंगेवाला पुढे कितीतरी लगीनसराईंत ती तबकडी आहेर पुकारायला मागून नेत असे. ती आता माझ्या कपाटात आहे. पहिली बाजू झिजून खरखरते. दुसरी नवीकोरी आहे. ती अजून आमच्यापैकी कुणीच ऐकलेली नाही.