एक शब्द काढ

"लई मागतीयास, पोरी. एक शब्द काढ."

आबांनी हे मला किती वेळा ऐकवलं त्याची गणती नाही. बोलण्याआधी ते उजव्या हाताचं बोट धोतराला पुसायचे आणि संगणकाच्या पडद्यापासून वीतभर लांब धरायचे. पडद्याला त्यांनी कधी हात लावला नाही. "आत काय हाय ते दचकंल," म्हणायचे. ही थट्टा होती की खरंच तसं वाटत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पौडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं वाचनालय आहे. दोन खोल्या, सहा कपाटं, एक संगणक आणि मी. माझं घर मारुंजीचं, आयटी कंपन्यांच्या शेजारचं. तिथे शेत कुठे म्हणून विचारलं तर लोक पार्किंग दाखवतात, म्हणून मला पौड बरं वाटतं. वाचनालयात सकाळी पेन्शनर येतात पेपरासाठी, दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं येतात पंख्यासाठी. पुस्तकासाठी कोणी आलं तर मी अजूनही चपापते. तुम्हीही वाचनालयात काम केलं असेल तर हे तुम्हाला सांगायला नको.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने आपल्या सगळ्या जुन्या प्रकाशनांची सूची ऑनलाइन केली, तेव्हा मी मोठ्या हौसेने दारावर कागद डकवला: 'येथे शोधून मिळेल.' महिनाभर त्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका गुरुवारी डोक्यावरची प्लॅस्टिकची खोळ निथळत एक म्हातारे दारात उभे राहिले. त्यांनी तो कागद एकेक अक्षर लावत वाचला आणि विचारलं, "काय बी शोदून मिळंल?"

"पुस्तकं, लेख, अहवाल," मी म्हटलं.

"मग माजं नाव शोद."

हेच आबा. ताम्हिणीच्या एका वाडीतले. थोडी भाताची खाचरं, आणि घाटरस्त्याला लागून मुलाचा भजी-चहाचा ढाबा. वीस-बावीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या कुठल्याशा कॉलेजातल्या एक मॅडम पठारावरच्या वनस्पतींची यादी करायला सलग तीन पावसाळे तिथे आल्या होत्या. आबा त्यांचे वाटाडे. झाडपाला दाबून वाळवायचे जुने पेपर आणि फळ्या यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन ते पुढे चालायचे, मॅडम मागे. तिसऱ्या वर्षी मॅडमचा पाय मुरगळला आणि त्या वाडीतच अडकल्या. आबा एकटेच वर गेले. कातळाच्या एका खळग्यात त्यांना वीतभर उंचीचं एक जांभळं फूल दिसलं. मॅडमच्या यादीत ते नव्हतं, एवढं त्यांना माहीत होतं. यादी त्यांना तोंडपाठ होती.

"मग तोडून आणलंत?"

"तोडाय येडा हाय का मी? एकच तर व्हतं. मॅडमलाच वर न्हेलं."

मुरगळल्या पायाच्या बाईला भर पावसात काठीच्या आधाराने दोन तास चढवलं या माणसाने. मॅडम त्या खळग्यापाशी बसल्या आणि रडल्या म्हणे. उठताना म्हणाल्या, "दादा, हे छापून येईल तेव्हा त्यात तुमचं नाव असेल."

मॅडम परत आल्या नाहीत. आबा वाट पाहत राहिले.

"रेशनकार्डावर हाय माजं नाव, मतदानाच्या यादीत हाय," ते म्हणाले. "ते काय, समद्यांचंच असतंय. छापल्या पुस्तकात आमच्या वाडीत कुनाचंच न्हाई. मरायच्या आदी एकडाव बगायचं हाय."

मी विचारलं, मॅडमचं नाव काय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या आईचं वजन विचारलं होतं.

"मॅडमला नावानं कोन हाक मारतंय?"

तीन पावसाळे एकत्र भिजून या दोघांचा कारभार 'मॅडम' आणि 'दादा' यांवर चालला होता.

मग आमचे गुरुवार सुरू झाले. सकाळच्या एसटीने ते यायचे, दुपारच्या एसटीने जायचे. मी सूचीच्या चौकटीत त्यांचं पूर्ण नाव टाकायचे, शेजारी गाव, तालुका, जिल्हा, 'जांभळे फूल', 'नवीन वनस्पती', जे सुचेल ते सगळं. पडद्यावर तेच वाक्य यायचं: एकही नोंद आढळली नाही. मी अजून दोन शब्द घालायचे. जास्त सांगितलं की यंत्राला जास्त कळेल, असा माझा समज. वाचनालयशास्त्राचं प्रमाणपत्र माझ्या डोक्यावर भिंतीला टांगलेलं होतं, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या गुरुवारी त्यांना राहवलं नाही. "लई मागतीयास. डोंगरात जाऊन म्हनलं की जांबळंच पायजे, वीतभरच पायजे, दोन पानांचंच पायजे, तर घावतं व्हय? फूल दहा दिस असतंय. बाकी साल नुसता कांदा मातीत. एकेक शब्द काढ. थोडं मागितलं की डोंगर देतो."

"मग डोंगरात तुम्ही कसं शोधता?"

"आदी जागा. मंग दिस. वस्तू शेवटी."

त्याच आठवड्यात माझ्या कपाटाची किल्ली हरवली होती. मी दोन दिवस पर्स उलटीपालटी करत होते. आबांनी विचारलं, शेवटचं कपाट कुठलं उघडलं, कोणत्या वारी, त्या दिवशी पाऊस होता का. होता. "मंग छत्रीत बग," म्हणाले. किल्ली छत्रीत होती. त्या दिवसापासून मी त्यांचं ऐकायला लागले, पण फक्त शब्द कमी करण्यापुरतं. त्यांचं नाव मात्र चौकटीतून काढवत नव्हतं. ते पाहायलाच तर माणूस एवढ्या लांबून येत होता.

चूक कळली ती एका देणगीच्या पुस्तकाची नोंद करताना. लेखकाने प्रस्तावनेत तीसेक लोकांचे आभार मानले होते, पार चहावाल्यापर्यंत. माझ्या नोंदीचे रकाने कोणते? शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय, पृष्ठे. त्या तिसांतला एकही माणूस माझ्या संगणकात जाणार नव्हता. पुण्याच्या सूचीतही तेच असणार. ज्याने लिहिलं तोच तिला माहीत. दोन महिने मी आबांना अशा दारात उभं केलं होतं, जिथे त्यांचा पत्ताच नव्हता. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी त्यांचं नाव मी त्यांच्यासमोर पुसलं.

"आदी जागा," मी म्हटलं.

ताम्हिणी टाकलं. काही नाही. मुळशी. काही नाही. "मोठं नाव घे," आबा म्हणाले, "आमच्यासारक्यांच्या गावाचं नाव कोन लिवतंय." पश्चिम घाट टाकलं, तर शेकड्यांनी नोंदी कोसळल्या. आबा खूश. "आता दिस." मॅडमचा पाय मुरगळला तो आबांची सून घरात आली त्याच्या आदल्या साली. छापायला दोन-तीन वर्षं गेली असतील, असं धरून मी वर्षांची मर्यादा घातली. उरल्या एकोणीस. मी एकेक शीर्षक मराठीत सांगत गेले. बेडूक, दरडी, मधमाश्या, ओढ्यातले मासे. अकरावं होतं, कातळपठारावरील फुलझाडांविषयी.

"ह्योच," आबा म्हणाले.

लेखिकेचं नाव मी वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हटलं. "असं नाव व्हय मॅडमचं," म्हणाले. मी त्या नावावर सूची पुन्हा शोधली. त्यानंतरच्या वर्षांत एकच नोंद होती, ती त्यांच्या स्मरणार्थ काढलेल्या अंकाची. आबांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

लेखाची प्रत अर्ज करून मिळणार होती. ती येईपर्यंत भात कापून झाला. आबांचा खोकला वाढला होता, तरी गुरुवार चुकत नव्हता. प्रत ईमेलने आली ती सोमवारी. चौदा पानं, इंग्रजी. मी छापून काढली आणि शेवटून वाचायला घेतली, कारण आभार शेवटी असतात.

सहा ओळी होत्या. विभागप्रमुख, नावानिशी. परवानगी देणारे अधिकारी, नावानिशी. चित्रं काढणारे, टंकलेखक, पती, सगळे नावानिशी. आणि शेवटचं वाक्य: पठारावर सोबत करणाऱ्या एका स्थानिक रहिवाशाचेही आभार.

चौदा पानं मी तीन वेळा चाळली. फुलाचं वर्णन दीड पान होतं, पाकळीची लांबी मिलिमीटरमध्ये. आबा कुठेही नव्हते. मॅडम विसरल्या, की त्यांनाही 'दादा'पलीकडे नाव माहीतच नव्हतं, हे विचारायलाही आता कुणी नव्हतं. मला त्या मेलेल्या बाईचा फार राग आला.

गुरुवारी आबा आले. धुतलेला सदरा होता. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, शेवटचं पान समोर ठेवलं आणि वाचलं. "ही वनस्पती सर्वप्रथम ज्यांना दिसली, ते ताम्हिणीचे श्री..." आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"कुटं हाय?" त्यांनी विचारलं. "बोट ठिव."

मी बोट ठेवलं. 'स्थानिक रहिवासी' या दोन इंग्रजी शब्दांवर. त्यांनी स्वतःचं बोट धोतराला पुसलं आणि माझ्या बोटाशेजारी टेकवलं. ते लांब धरलं नाही, कागदावर टेकवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं म्हणाले, "लई बारीक छापलंय."

मी लाल पेनाने खाली रेघ मारून दिली. पापच करायचं तर नीटनेटकं.

त्यानंतर एक गुरुवार ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात घेऊन आले. बसले आणि म्हणाले, "पुन्यांदा वाच की."

मी वाचलं, नावासकट. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा सोपं जातं म्हणतात. मला गेलं नाही. आबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ब्येस वाचतीस." मग त्या फुलावर अजून कुणी लिहिलंय का, ते शोधायला लावलं. कुणी लिहिलं नव्हतं. असे अजून चार-पाच गुरुवार झाले. वाचायला मात्र त्यांनी परत सांगितलं नाही, आणि मला सुटल्यासारखं झालं.

मग ते येईनासे झाले. ओळीने तीन गुरुवार गेल्यावर मी ताम्हिणीची एसटी पकडली. ढाब्यावर त्यांची सून कढईपाशी होती. "तुमी वाचनालयाच्या ताई न्हवं?" म्हणाली. आबांना जाऊन बारा दिवस झाले होते. खोकला छातीत उतरला आणि दोन दिवसांत आटोपलं. मुलगा पौडच्या कचेरीत दाखल्यासाठी गेला होता. आमच्या वाचनालयावरूनच गेला असणार.

तिने गॅस बंद करून मला चहा दिला. मला वाटलं आता तरी सांगून टाकावं. म्हटलं, "वहिनी, त्या कागदात आबांचं नाव..."

"न्हाई, ते ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी कागद दिला त्याच्या फुडच्याच रविवारी कालेजच्या पोरी आल्या व्हत्या. एकजन झाडांचंच शिकत व्हती. आबांनी लई हौशीनं दावला. तिनं समदं वाचून सांगितलं."

मी मनात रविवार आणि गुरुवार मोजले. "पुन्यांदा वाच की" हा गुरुवार त्या रविवारनंतरचा होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"त्या दिशी जेवले न्हाईत. रातच्याला म्हनले, मला तरी मॅडमचं नाव कुटं ठावं व्हतं, फिट्टंफाट झाली. अन् म्हनले, त्या पोरीला सांगू नगा. लई शोदलंय तिनं."

मी चहा तसाच ठेवून निघाले. ती मागून पावसात येऊन जा म्हणाली, वर पठारावर नेईन म्हणाली. जागा तिला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, आबांचं नाव एकदा तरी लिहायचं होतंस की. लिहिणार होते. पण जिथे नव्हतं तिथे मी ते दोनदा वाचलंय, आणि ज्याने ते ऐकलं त्याला दुसऱ्यांदा ऐकताना ते तिथे नाही हे माहीत होतं. माझा हात धजत नाही.

काल गुरुवार होता. स्पर्धा परीक्षेची मुलं गेल्यावर मी पुण्याची सूची उघडली आणि चौकटीत त्यांचं पूर्ण नाव टाकलं. एकही नोंद आढळली नाही. एक शब्द काढला, आडनाव. एकही नोंद नाही. अजून एक काढला, वडिलांचं नाव. मग नुसत्या नावावर नोंदी यायला लागल्या, एकामागून एक, पानं भरून. त्या नावाची सगळी दुसरी माणसं होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या नोंदीपासून वाचायला लागले.