बाळारामच्या मीटिंगचा पत्ता

बाळारामने खात्रीसाठी तिसऱ्यांदा फुंकलं आणि मशीन तिसऱ्यांदा लाल झालं.

भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये मी सेफ्टी ऑफिसर आहे. शिफ्टच्या आधी प्रत्येक फोर्कलिफ्टवाल्याला ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायला लावायचं, हे माझं काम. श्वासातली दारू ते मशीन पकडतं. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी दाते असलेली गाडी. टनभर माल उचलून वरच्या रॅकवर ठेवते. चालवणाऱ्याचा हात चुकला तर खालचा माणूस उरत नाही.

बाळाराम जवळच्याच अंजूर गावचा. अकरा वर्षांत एक खोकं पाडलं नव्हतं त्याने. पण महिन्यात दुसऱ्यांदा पकडला गेला होता, आणि दुसऱ्या वेळी नोकरी जाते.

"टर्मिनेशन लेटर तयार करा," मॅनेजर म्हणाले.

"सर, सोडतो म्हणतोय तो."

"सगळेच म्हणतात. दारू सोडायला कुठेतरी जातोय, असं त्यांच्या लेटरहेडवर लिहून आणा. सोमवारपर्यंत. नाहीतर मी सही करणार."

तो शुक्रवार होता. आधी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून ते आधी करावंच लागतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, धोक्याच्या खुणा सांगितल्या, म्हणाले, "शरीराचं मी बघतो. बाकीच्यासाठी याला सोडलेल्या लोकांत बसवा."

अशा मीटिंगा असतात. फी नाही, लेक्चर नाही. दारू सोडलेली माणसं एकत्र बसतात आणि आपापलं सांगतात. भिवंडीतल्या एका मीटिंगचा पत्ता मी इंटरनेटवरून काढून कँटीनमध्ये लावलेलाही होता. दर शनिवारी, संध्याकाळी साडेसहा.

शनिवारी रिक्षाने निघालो. बाळाराम गुडघे हलवत बसला होता. हात मांड्यांखाली दाबलेले.

"गावचा कोन भेटला तर, मॅडम?"

"तर तोही त्याच कामाला आला असेल."

पत्त्यावर पोचलो. खालच्या यंत्रमागांच्या आवाजात जिना चढलो, तर खोलीत छतापर्यंत सुताच्या गोण्या. गोण्यांपुढे एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते.

"वो लोग तो कब के गए," ते म्हणाले. "आते हैं कभी-कभी पूछनेवाले. एक ऐसाच जॅकेट पहन के आया था." माझ्या अंगावरच्या कंपनीच्या जॅकेटकडे त्यांनी बोट केलं. "खाली हाथ लौट गया."

तो पत्ता कँटीनमध्ये मीच लावला होता, आणि एकदाही येऊन बघितला नव्हता. पत्त्याखालचा नंबर लावला. बंद. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरच्या टेलरला विचारलं, मेडिकलवाल्याला विचारलं. कुणाला ठाऊक नाही.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. आज नशिबात न्हाय," बाळाराम म्हणाला. "पानी पिऊन येतो."

तो कोपऱ्यावरून वळला. मी दोन मिनिटं थांबले, पाच मिनिटं थांबले. मग कोपऱ्यापर्यंत गेले. पलीकडे देशी दारूचं दुकान होतं आणि बाळाराम काउंटरला टेकून उभा होता. मी कोपऱ्यावरच थांबले. ओढून आणणारी मी कोण?

तो वळला आणि भरभर माझ्याकडे आला.

"चला. म्युनिसिपालिटीच्या शाळेत हाय. इथून तिसरी गल्ली."

"कुणी सांगितलं?"

"दुकानाच्या गल्ल्यावरच्यानं. सोडलेली मानसं मधी मधी येऊन त्याच्याकडं मीटिंगच्या पत्त्याची चिठ्ठी ठेवून जातात. हिथं न्हाय तर कुठं ठेवणार?"

मशीन ऑफिसात होतं. मी विचारलंच, "घेतलीत?"

"न्हाय." कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "लय वाटलं. पन न्हाय."

मी विश्वास ठेवला. दुसरं काही हाताशी नव्हतं.

शाळेच्या वर्गाच्या दारात एक पांढऱ्या दाढीचे चाचा होते. त्यांनी बाळारामचा हात धरून त्याला आत घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, आप पीती हैं?"

"नाही."

"फिर आप बाहर बैठिए. ये पीनेवालों की मीटिंग है."

सव्वा तास मी पायरीवर बसले. आत मराठी, हिंदी, मध्येच हसणं. बाळारामचा आवाज शेवटी आला. शब्द कळले नाहीत, रडतोय एवढं कळलं.

निघताना मी लेटर मागितलं. चाचा म्हणाले, "हम हाजिरी नहीं लेते. नाम भी नहीं पूछते."

सोमवारी मॅनेजरांनी हात पुढे केला. "लेटर?"

"ते देत नाहीत. मी त्याला घेऊन गेले आणि बाहेर बसले, एवढं माझ्या सहीने लिहून देते."

"आणि परत प्यायला तर?"

"तर माझीही सही तुमच्याकडे आहेच."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि फाइलला लावलं. मग त्यांनी बाळारामला फोर्कलिफ्टवरून काढून लेबलिंगला लावलं. खोक्यांवर स्टिकर चिकटवायचं काम. पगार थोडा कमी, पण नोकरी राहिली.

तीन महिने मशीन हिरवं होतं. एका सकाळी तो मशीनकडे न जाता सरळ माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, काल घेतली. फुकायची गरज न्हाय."

मी त्याला घरी पाठवलं, रजा मांडली आणि मॅनेजरांना खरं ते सांगितलं. तासभर बोलणी खाल्ली, पण त्यांनी टर्मिनेशन लेटर काढलं नाही. संध्याकाळी बाळाराम एकटाच मीटिंगला गेला. त्या दिवसापासून त्याने पुन्हा पहिला दिवस मोजायला घेतला. परवा चार महिने झाले. फोर्कलिफ्ट अजून दिलेली नाही. मागतोय.

पकडलेल्या माणसाचं काय करायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आपणहून येऊन सांगणाऱ्याचं काय करायचं, ते मॅन्युअलमध्ये नाही. मी शोधून पाहिलं.