टाचेखालची फरशी

पाय दाखवायला आलेला माणूस आधी बूट काढतो, मग मोजे काढतो आणि मग बोलायलाच लागतो. नोएडात फिजिओथेरपी करता करता माझ्याकडे असे किस्से साठत गेलेत. त्यातून मी नाशिकची हे कळल्यावर अर्ध्या एनसीआरमधली मराठी पावलं माझ्याकडेच वळतात!

*

समीर पुण्याचा, गुरुग्रामला आयटीत. टाचेच्या मागे सूज घेऊन आला.

"धावता का?"

"रोज दहा किलोमीटर! दोन आठवडे झाले."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी कॅब."

मी त्याला सांगितलं, सध्या धावणं बंद, पोटऱ्यांचे व्यायाम करा आणि मग हळूहळू वाढवा. त्याने मान डोलावली. "बिल्कुल! फक्त ते हळूहळूचं एखादं अ‍ॅप आहे का?"

*

राजधानीतल्या कोपर्निकस मार्गावर ऑफिस असलेले सावंत दोन्ही पायांचे एक्स-रे घेऊन आले. डाव्या टाचेखाली हाड वाढलेलं. त्याचा फोटो सगळ्या ऑफिसला दाखवून झाला होता.

"आता ऑपरेशनच ना?"

मी उजव्या पायाचा एक्स-रे उजेडात धरला. तिथलं हाड डाव्यापेक्षाही मोठं, आणि तो पाय कधी दुखलाच नव्हता! म्हटलं, "म्हणजे दुखणं हाडाचं नाही. तळव्याचा स्नायूपट्टा ताणला गेलाय. स्ट्रेचिंग करा, बरं वाटेल."

सावंत उजव्या पायाकडे बघत म्हणाले, "मॅडम, जरा हळू बोला. त्याला अजून माहीत नाही."

*

अझहर लातूरचा, यूपीएससीवाला. झोप येऊ नये म्हणून अनवाणी उभा राहून अभ्यास करायचा, त्यामुळे टाच धरली. मी सांगितलं, पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठव आणि तळव्याखाली फिरव.

आठवड्याने आला. फरक शून्य! मे महिना, खोलीत सहा जण, बाटली गोठायच्या आत कोणीतरी पिऊन टाकायचा.

"मग बाटलीवर चिठ्ठी लावली मॅडम. 'ही पायाखाली फिरवलेली आहे.'"

"मग? उपयोग झाला?"

"झाला ना. दुसऱ्या दिवशी सहाही बाटल्यांवर तीच चिठ्ठी!"

*

नोएडाजवळच्या वैशाली वसाहतीतल्या जोशी काकूंचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सकाळी उठल्यावर पहिली पावलं भिंत धरून टाकायच्या. दिवसभर मार्बलच्या फरशीवर अनवाणी उभं राहणं, हेच त्याचं मूळ. व्यायाम त्या नेमाने करत होत्या. मी म्हटलं, घरातही मऊ चप्पल घाला.

"स्वयंपाकघरात? तिथे माझे देव आहेत!"

सुनेने शेवटी स्वयंपाकाला बाई ठरवली. पहिल्या तारखेपासून ती येणार होती. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता मला नुसतं सोफ्यावर बसवणार बघ. चाळीस वर्षं नैवेद्य माझ्या हातचा आहे." मला फार वाईट वाटलं, पण चपलेवाचून माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

त्यानंतर त्या यायच्याच थांबल्या.

*

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. जोशी काका सोवळ्याचे कडक. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही दाराबाहेर चप्पल काढायला लावणारे.

काकूंनी भिंत धरतच दार उघडलं. आत स्वयंपाकघरात काका सोवळं नेसून देवाला फुलं वाहत होते. आणि पायात स्पंजच्या नव्या कोऱ्या चपला!

"सोमवारपासून असंच चाललंय," काकू कुजबुजल्या. "काही विचारलं तर बोलत नाहीत."

काकांनी निरांजन ओवाळलं, नमस्कार केला आणि मागे न बघता म्हणाले, "पाप लागायचं असेल तर आधी मला लागू दे. आठ दिवस बघतो. काही झालं नाही, तर नवव्या दिवशी तू घाल."

मी विचारलं, "आज कितवा?"

"सातवा," काकू पटकन म्हणाल्या.