घरगुती कारणास्तव

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी पेणला, रामवाडीच्या घरी वाल सोलत बसले होते. “मावशी, आई गेली,” एवढंच म्हणाली पोर. पक्षाघाताचा दुसरा झटका... सुलभा, माझी धाकटी बहीण, पन्नाशीसुद्धा न गाठता गेली. महिना झाला. लोक भेटायला येतात, “सुटली बिचारी” म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. सुटली कसली? तिला एक भांडण अर्धवट टाकून जावं लागलं. ते कशाचं होतं, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

नवरा गेल्यावर सुलभानं रोह्यातल्या एका कंपनीत पॅकिंगला नोकरी धरली. पहिल्या पगाराची चिठ्ठी दाखवायला ती मुद्दाम पेणला आली होती. “तू मास्तरीण, तुला पेन्शन. आता माझापण पीएफ कापतात, हायस कुठं!” शिफ्ट चुकवणं तिला माहीतच नव्हतं. अंगात ताप घेऊन जायची. आणि पाच वर्षं भरायला चार महिने उरलेले असताना, एका सकाळी डबा भरता भरता ती ओट्यापाशीच कोसळली. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. वाचाही जड झाली.

पंधरा दिवसांनी कंपनीचे साहेब सुलभाच्या घरी आले; मी तिथंच होते. गोड बोलणारा माणूस. “राजीनामा लिहून द्या. ‘घरगुती कारणास्तव’ म्हणा, सगळे तसंच लिहितात. आजारपण लिहिलंत की डॉक्टरचे दाखले, चौकशा, नसती कटकट.” मला पटलं! तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला पटलं! मी माझ्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, तिनं डाव्या हाताचा अंगठा उमटवला. मग माझ्याकडं बघत अडखळत म्हणाली, “ताई, घरगुती काय झालं गो माझ्या घरात?” मी म्हटलं, “अगं, नुसती लिहायची पद्धत असते.”

पीएफ आला तो कर कापून. मी तणतणत पेणच्या एका करसल्लागाराकडं गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, “पाच वर्षं व्हायच्या आत पीएफ काढला की कर लागतो. प्रकृतीमुळे नोकरी सुटली असेल तर लागत नाही. पण तुमच्या कागदावर घरगुती कारण आहे ना!” पुढं म्हणाले, तिचं उत्पन्न इतकं कमी आहे की रिटर्न भरलं तर कापलेलं परत मिळेल. मला हायसं वाटलं. सुलभाला नाही. तिची वाचा एव्हाना बरीच सुटली होती. “पैशे येतील गो,” ती म्हणाली, “पण नोकरी काय मी मनानं सोडली? मला ते कारण बदलून पायजे.”

मग सुरू झाल्या चकरा. कंपनी म्हणे, पीएफ ऑफिसला विचारा. पीएफ ऑफिस म्हणे, कंपनीनं लेखी द्यायला हवं. एकदा तर सांगितलं, अर्जदाराला समक्ष आणा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिला उभं राहता येत नाही, तिनं तेच सिद्ध करायला दोन जिने चढायचे! मी तिला रिक्षात बसवून वर गेले, म्हटलं, खाली येऊन बघा. कोणी आलं नाही. लाज कशी वाटत नाही हो यांना?

त्या दिवसापासून ती डाव्या हातानं लिहायला शिकू लागली. नवा अर्ज मी लिहिते म्हटलं तर फटकन म्हणाली, “तुझं अक्षर नको. त्यात एकदा खोटं गेलंय.” ...बरोबरच बोलली. तीन महिने पाटीवर गिरवून तिनं अर्ज लिहिला: मी नोकरी सोडली नाही. माझी उजवी बाजू गेली म्हणून सुटली. दोनच ओळी, कागदभर पसरलेल्या. कंपनीनं तो परत पाठवला. ठरलेल्या नमुन्यात नाही म्हणे.

तेराव्याला ते साहेब आले. फोटोला हार घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “फार कष्टाळू बाई. आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली बिचारीला.”

मी आत गेले, वहीचा कागद फाडला, पेन घेतलं आणि दोन्ही त्यांच्यापुढं ठेवलं. “साहेब, आत्ता बोललात तेवढंच लिहा. एकच ओळ.”

साहेबांनी पेन उचललं, कागदाकडं बघितलं, पुन्हा खाली ठेवलं. “ताई, आता त्याच नाहीत... आता काय उपयोग?”

“उपयोग मला आहे,” मी भरल्या घरात ओरडले. “ते खोटं माझ्या हातानं लिहिलंय, आणि मी अजून जिवंत आहे!”

साहेब उठले आणि दारात चपला शोधू लागले.